मर्तबानांच्या गावी : दिल्ली, खुर्जा, जयपूर

मंगळवार : दिल्ली

माझ्या मांडणीवरच्या रंगीत बरण्यांपैकी बहुतेकींच्या बुडावर कोणताही छाप नाही. पण पुण्यात, नाशकात किंवा मुंबईत, जिथे म्हणून त्या घेतल्या तिथे दुकानदाराने एकाच गावाचे नाव सांगितले होते, ते म्हणजे खुर्जा. उत्तर प्रदेशाच्या बुलंदशहर जिल्ह्यातले हे गाव दिल्लीपासून सुमारे ८५ किलोमीटरवर आहे आणि चिनीमातीचे कप, बश्या, सुरया आणि बरण्या तिथल्या भट्ट्यांतून देशभरातल्या स्वयंपाकघरांत जातात. बरणी घडते कशी, तिच्यावर रंग कोणत्या टप्प्याला चढतो आणि कोणत्या बरणीत काय ठेवावे याचा निवाडा कशावरून करायचा, हे प्रत्यक्ष पाहून घ्यावे म्हणून माझी थोरली बहीण आणि मी अशा दोघी निघालो.

बरणी जमवायची ती वापरण्यासाठी, असे माझे पहिल्यापासूनचे मत आहे. काचेच्या कपाटात रिकाम्या मांडून ठेवलेल्या बरण्यांचा संग्रह कितीही देखणा असला तरी मला तो अर्धाच वाटतो. माझ्याकडच्या प्रत्येक बरणीला काम नेमून दिलेले आहे: हिरव्या पट्ट्याच्या सटीत जाडे मीठ, निळ्या वेलीच्या बरणीत चिंच, बुटक्या पिवळीत मेतकूट. ताईला तर रंगाशी फारसे कर्तव्यच नाही. तिच्याकडे दर उन्हाळ्यात कैरीचे लोणचे मोठ्या प्रमाणावर घातले जाते, तेव्हा तिला हवी होती ती पाच-सात किलो माल मावेल अशी, जाड पोटाची आणि झाकण घट्ट बसणारी बरणी.

पहिला दिवस आम्ही दिल्ली हाटला, म्हणजे तिथल्या हस्तकलांच्या बाजाराला दिला, कारण खुर्ज्याचा माल आणि जयपूरची निळी भांडी तिथे थोड्या अंतरावर पाहायला मिळतात. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्यावर फरक हाताला आधी कळतो आणि डोळ्यांना नंतर. खुर्ज्याची बरणी उचलताना वजन जाणवते, टिचकी मारली की खणखणीत आवाज येतो. जयपूरच्या भांड्याचा आवाज बसका असतो आणि त्याच्या कडेला बोट फिरवले की आतले अंग किंचित रवाळ लागते. ताईने दोन्ही दुकानांतल्या बरण्यांवर इतक्या टिचक्या मारल्या, की शेवटी जयपूरच्या कारागिराने तिला नम्रपणे सांगितले, "माताजी, हमारा माल सजावट का है, अचार का नहीं." त्याचा हा प्रामाणिकपणा आमच्या पुढच्या साऱ्या प्रवासात उपयोगी पडला.

दिल्लीचे या कलेशी स्वतंत्र नातेही आहे. जपानमध्ये शिकून आलेले सरदार गुरचरणसिंग यांनी १९५० च्या दशकात इथे दिल्ली ब्लू पॉटरी सुरू केली. आपल्या देशात हाताने घडवलेल्या, उच्च तापमानाला भाजलेल्या भांड्यांकडे कलावस्तू म्हणून पाहण्याची दृष्टी त्यांच्यामुळे आली, असे मी मानते. १९९१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या नावाभोवती वाढलेल्या परंपरेतली निळी-हिरवी झिलई, म्हणजे भांड्यावर वितळून बसलेला काचेसारखा थर, एकदा पाहिली, की बाजारातल्या ढोबळ निळ्या रंगाने समाधान होत नाही.

बुधवार : खुर्जा

सकाळी लवकर निघून गाझियाबाद, दादरी, सिकंदराबाद, बुलंदशहर या मार्गाने आम्ही खुर्ज्याला पोहोचलो. रेल्वेनेही जाता येते, दिल्ली-हावडा मार्गावर खुर्जा जंक्शन आहे. पण परतताना सोबत बरण्या असणार हे गृहीत धरून आम्ही मोटारच केली होती. गाव जवळ आल्याची पहिली खूण म्हणजे विटांच्या जुन्या धुराड्या. त्यांच्या पायथ्याशी कोळशावर चालणाऱ्या घुमटाकार भट्ट्या असत. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातल्या उद्योगांना १ जानेवारी २०२३ पासून कोळसा वापरायला बंदी आहे, आणि बुलंदशहर जिल्हा त्याच क्षेत्रात मोडतो. त्यामुळे आज भाजणी गॅसवर होते आणि धुराड्या नुसत्या उभ्या आहेत. त्या पाडू नयेत, निदान दोन-चार तरी जपाव्यात, असे मला तीव्रतेने वाटले.

इथल्या जुन्या कुंभार घराण्यांत अशी आठवण सांगतात, की त्यांचे पूर्वज मुलतानकडून आले आणि लाल मातीच्या भांड्यांवर निळी झिलई चढवण्याची विद्या त्यांनी सोबत आणली. आजच्या खुर्ज्याचा पांढरा माल मात्र त्या मानाने अलीकडचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० च्या दशकात, सरकारने इथे रुग्णालयांना लागणारी भांडी करण्यासाठी कारखाना काढला. युद्धाची गरज संपल्यावर त्याचे रूपांतर विकास केंद्रात झाले. तिथे तयार माती आणि सामाईक भट्टी मिळू लागल्याने, स्वतःची भट्टी बांधण्याची ऐपत नसलेल्या छोट्या कारागिरांनाही हा धंदा करता आला. केंद्रीय काच आणि सिरॅमिक संशोधन संस्थेचेही एक केंद्र इथे आहे. खुर्ज्याच्या भांड्यांना भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे.

आम्हाला ज्या कारखान्यात प्रवेश मिळाला तो मध्यम आकाराचा होता. मालकांचे वडीलही याच धंद्यात होते, आणि बरणीला ते सरळ मर्तबान म्हणत. त्यांनी सुरुवात केली ती मातीच्या ढिगांपासून. खुर्ज्याच्या जमिनीत या भांड्यांना लागणारी पांढरी माती नाही. बिकानेरकडची माती, राजस्थानातले फेल्डस्पार हे खनिज आणि गारगोटी, गुजरातेतली चिनीमाती असा सगळा कच्चा माल बाहेरून येतो. माती भांड्याला आकार देते, गारगोटीची पूड त्याचा सांगाडा होते आणि फेल्डस्पार भट्टीत वितळून दोहोंना सांधते. हे सांधणे जितके पुरे होईल तितके भांडे पाणी कमी पिते, आणि लोणच्याच्या बरणीचा खरा गुण हाच.

दळणाच्या मोठ्या पिंपांत गोट्यांबरोबर हा माल पाण्यात तासन् तास फिरतो, नंतर दाबयंत्रातून पाणी काढून त्याच्या जाड वड्या निघतात. पुढे दोन वाटा होतात. साध्या गोल, सरळ पोटाच्या बरण्यांसाठी मऊ मातीचा गोळा प्लास्टरच्या साच्यात ठेवून तो चाकावर फिरवतात आणि वरून पाते दाबून भिंत उठवतात. नक्षीदार, पैलू पडलेल्या किंवा भोपळ्याच्या आकाराच्या बरण्यांसाठी माती पुन्हा पातळ करतात, त्यात थोडे सोडियम सिलिकेट घालतात आणि ती दुभंगी साच्यात ओततात. प्लास्टर पाणी शोषून घेते, साच्याच्या आतल्या बाजूने मातीचा थर धरतो, आणि तो हवा तेवढा जाड झाला की उरलेला रबरबीत माल उलटा करून काढून घेतात. काही वेळाने साचा उघडला, की आत बरणी उभी असते: राखाडी, ओलसर, आणि दोन अर्धुके जिथे मिळतात तिथे बारीक उभी शिवण असलेली.

ती शिवण काढणाऱ्या बाईंजवळ मी बराच वेळ उभी होते. डाव्या हाताने बरणी फिरवत उजव्या हातातल्या पातळ पात्याने त्या शिवण खरवडत, मग ओल्या स्पंजाने तीच रेघ दोनदा पुसत, आणि शेवटी अंगठा गळ्याच्या आतून फिरवून काठ तपासत. अंगठ्याला काही लागले तर पुन्हा स्पंज. मी विचारले, की बाहेरची शिवण तर कुणालाही दिसेल, पण गळ्याच्या आत इतके का पाहता? त्या म्हणाल्या, "ढक्कन वहीं बैठता है, बहनजी." जाड अंगाची, देखणी बरणी जर झाकणाशी डुगडुगत असेल तर तिला मी तरी हात लावत नाही, आणि ते डुगडुगणे कोणत्या टप्प्याला टळते हे मला इथे पहिल्यांदा दिसले.

झाकणाची गोष्ट पुढे मालकांनी अधिक उलगडली. ओल्या मातीपासून पक्क्या भांड्यापर्यंत येताना वाळताना आणि भाजताना मिळून माल साधारण एक दशांशाने आटतो. बरणी एका घाण्यातली आणि झाकण दुसऱ्या घाण्यातले असेल तर दोहोंचे आटणे सारखे राहत नाही आणि झाकण सैल तरी पडते किंवा अडकते तरी. म्हणून इथे प्रत्येक बरणीचे झाकण त्याच मालातून काढतात, तिच्याच डोक्यावर ठेवून वाळवतात आणि भट्टीतही तिच्यावरच बसवून पाठवतात. झाकण जिथे टेकते ती कड आणि बरणीच्या बुडाचे कडे यांच्यावरची झिलई मात्र भट्टीत जाण्यापूर्वी ओल्या फडक्याने पुसून काढावी लागते, नाहीतर ती वितळून झाकण बरणीला आणि बरणी फरशीला कायमची चिकटेल. बाजारात बरणी घेताना बुडाखाली जे खरखरीत, बिनझिलईचे वर्तुळ दिसते ते या कारणाने.

त्याच वर्तुळावर मालकांनी आम्हाला एक परीक्षा करून दाखवली, आणि ती मला या प्रवासातली सर्वांत मोलाची वस्तू वाटते. बरणी उलटी करायची, बुडाच्या कोऱ्या कड्यावर पाण्याचा एक थेंब ठेवायचा आणि पाहत राहायचे. पक्के भाजलेल्या बरणीवर थेंब तसाच टेकून राहतो. कच्च्या भाजणीच्या बरणीवर तो पाहता पाहता आत मुरतो आणि ओला डाग पसरतो. कच्च्या बरणीत पुढे काय होते ते मी आमच्या शेजारी पाहिलेले आहे: आतल्या झिलईला केसासारखी चीर गेली, की मिठाचे पाणी त्या चिरेतून अंगात उतरते आणि काही महिन्यांनी बाहेरच्या बाजूला पांढरे क्षार फुलून येतात. ताईने तिथल्या तिथे पदराआडून पाण्याची बाटली काढली आणि मांडून ठेवलेल्या पाच-सहा बरण्यांच्या बुडांवर थेंब टाकून पाहिले. सगळ्या उतरल्या. "आता बोलणी करायला हरकत नाही," असे ती मला मराठीत म्हणाली.

दुपारी जेवणानंतर आम्ही भट्टी पाहिली. चाकाच्या गाड्यावर फरश्यांचे मजले रचून त्यांवर बरण्या मांडतात आणि गाडाच भट्टीत ढकलतात. पक्की भाजणी सुमारे १२०० ते १२५० अंश सेल्सिअसला होते. आच चढवताना घाई केली तर माल फुटतो आणि निववताना घाई केली तर झिलईला तडे जातात, म्हणून भट्टी पेटवण्यापासून उघडण्यापर्यंतचा हिशेब रात्रंदिवस कुणीतरी ठेवत बसलेला असतो.

कारखान्याच्या एका फळीवर, विक्रीच्या मालापासून दूर, खांद्याला तपकिरी आणि खाली पिवळट अशी जुनी दुरंगी बरणी ठेवलेली होती. मराठी घरांत लोणच्याची बरणी म्हटली की हीच डोळ्यांपुढे येते. या दगडी अंगाच्या बरण्यांचा तपकिरी रंग लोहामुळे येतो. काही जुन्या बरण्यांवर तर भट्टी पूर्ण तापल्यावर आत मीठ टाकून झिलई चढवलेली असते, कारण मिठाच्या वाफेतले सोडियम मातीतल्या गारेशी एकजीव होऊन काच तयार होते आणि अंगावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे राहतात. हा माल पश्चिमेकडे प्रामुख्याने सौराष्ट्रातून येत असे, आणि तिथल्या थानगढ, मोरबी, वांकानेर या पट्ट्यात या उद्योगाचा पाया घालणाऱ्यांत परशुराम गणपुले हे मराठी गृहस्थ होते. त्यांच्या परशुराम पॉटरी वर्क्सचे नाव आज आपल्याकडे थोड्यांनाच आठवते, याची मला खंत वाटते. मालकांनाही ते नाव ठाऊक होते. ती बरणी विकायची नव्हती, आणि मी मागितलीही नाही.

गुरुवार : खुर्जा

आजचा दिवस रंगांचा होता. काल आम्ही पाहिलेल्या राखाडी बरण्यांसारख्याच, पण आधीच्या खेपेच्या बरण्या एकदा हलकी भाजणी होऊन पांढुरक्या, खडूसारख्या झाल्या होत्या आणि रंगवणाऱ्या मंडळींपुढे रांगेने ठेवल्या होत्या. प्रत्येकापुढे हाताने फिरवायची एक लहान चकती. सरळ पट्टा काढायचा असेल तर कुंचला अजिबात हलवायचा नाही, तो एका जागी धरून चकतीला गती द्यायची. पट्टा आपोआप बरणीभोवती फिरून जिथून निघाला तिथे येऊन मिळतो. वेल आणि फुले मात्र मोकळ्या हाताने काढतात. एक तरुण कारागीर पाच पाकळ्यांचे फूल पाच स्पर्शांत संपवत होता: कुंचला टेकवायचा, किंचित दाबायचा, उचलायचा. त्याच्या शेजारच्या बाई पानांच्या शिरा काढत होत्या. एकाच बरणीवर दोन-तीन जणांचे हात फिरतात, म्हणून एकाच नक्षीच्या दोन बरण्या शेजारी ठेवल्या तर पाने सारखी पण फुले वेगळी, असे दिसते. संग्रह करणाऱ्याने हा फरक हेरायला शिकावे. माझ्या मते छापील चित्राच्या बरणीपेक्षा हाताने रंगवलेली बरणी निवडण्याचे तेवढे एक कारण पुरेसे आहे. खुर्ज्याची म्हणून ओळखली जाणारी आणखी एक पद्धत आहे: दाट मातीच्या लेपाने नक्षीला किंचित उठाव द्यायचा आणि मग ती नारिंगी, तपकिरी किंवा फिकट तांबड्या रंगाने भरायची. अशा बरणीवरून हात फिरवला की फूल बोटांना लागते.

या टप्प्याला रंग डोळ्यांना पूर्ण फसवतात. भट्टीतून गडद निळा होऊन येणारा कोबाल्टचा रंग रंगवताना काळसर, मळका दिसतो. शिवाय रंगवून झालेली बरणी झिलईच्या दुधट पाण्यात बुडवली की सगळी नक्षी पांढऱ्या थराखाली गडप होते. आत झिलई चढवायची ती आधी: पातेल्याने बरणीत ओतायची, बरणी हातात गोल घोळवायची आणि उलटी करून रिकामी करायची. पांढऱ्या, कोऱ्या दिसणाऱ्या शेकडो बरण्या गाड्यावर चढतात आणि दोन दिवसांनी त्याच बरण्या निळ्या, हिरव्या, पिवळ्या होऊन बाहेर येतात. झिलईखालचा रंग घासून जात नाही, आम्लाने उतरत नाही, कारण त्याच्यावर काचेचा थर वितळून बसलेला असतो.

झिलईच्या वर, पक्की भाजणी झाल्यानंतर चिकटवलेली चित्रे मात्र वेगळी. ती कमी आचेवर पुन्हा भाजून बसवतात आणि बोट फिरवले की चित्राची कड हाताला लागते. अशी बरणी साखर, रवा, डाळ यांना चालेल. तिला लोणच्याला लावू नये, विशेषतः चित्र काठापर्यंत किंवा आत गेले असेल तर मुळीच नाही. रंगद्रव्यांत किंवा झिलईत शिसे अथवा कॅडमियम असेल आणि ते नीट बांधले गेले नसेल, तर आंबट पदार्थ ते हळूहळू ओढून घेतात. प्रयोगशाळेत याची तपासणी भांड्यात ४ टक्के ॲसिटिक आम्लाचे द्रावण २४ तास भरून ठेवून, त्यात किती धातू उतरला हे मोजून करतात. मालकांकडे निर्यातीच्या मालाची अशी तपासणी झालेली असल्याने त्यांना मी आडपडदा न ठेवता विचारले, की लाल आणि नारिंगी बरण्यांचे काय? त्यांचे उत्तर मला पटले: लोणच्यासाठी मागितलेली बरणी बाहेरून कोणत्याही रंगाची असो, आतून ते पांढरी किंवा पारदर्शक झिलईच देतात. मेतकुटासाठी मी त्यांना हळदी रंगाची एक बरणी करायला सांगितली, तिच्यासाठी त्यांनी प्रासिओडिमियम या धातूपासून केलेला पिवळा सुचवला. हा रंग मोठ्या आचेलाही टिकतो आणि त्यात कॅडमियम नसते.

दुपारपासून खरेदी. खुर्ज्याच्या बाजारात एकेक दुकान म्हणजे जमिनीपासून छतापर्यंत बरण्याच बरण्या, आणि अशा ठिकाणी डोळ्यांना आवडलेले सगळे उचलले तर घरी आणलेल्या अर्ध्या वस्तूंना काम सापडत नाही. म्हणून मी क्रम ठरवून घेतला होता. आधी काम ठरवायचे, मग आकार, मग झाकण, मग बुडाचा थेंब, मग टिचकी, आणि रंग सर्वांत शेवटी. मिठाच्या बरणीला तोंड इतके रुंद हवे की लाकडी चमचा आत आडवा फिरावा. चिंचेला पोट मोठे आणि तोंड मध्यम चालते. मोरांब्याला आणि साखरांब्याला गळ्याशी खाच असलेली बरणी पाहिजे, म्हणजे दादरा, म्हणजे तोंडावरचे फडके, बांधताना दोरी घसरत नाही. डाळी, पोहे, रवा यांच्या सरळ पोटाच्या बरण्या एका उंचीच्या घेतल्या तर फळीवर जागा वाया जात नाही; त्या मी एकाच नक्षीच्या पण वेगवेगळ्या रंगांच्या घेतल्या: मोरपंखी, शेवाळी, विटकरी, दुधी. झाकणाला आतून रबराची कडी असलेल्या नव्या धर्तीच्या बरण्याही तिथे खूप होत्या. हवाबंद ठेवायच्या कोरड्या मसाल्यांना त्या उत्तम, पण मुरणाऱ्या लोणच्याला मला जुन्या पद्धतीचे झाकण आणि त्यावर दादरा हेच बरे वाटते.

ताईने तिची बरणी शोधायला संध्याकाळ केली. दुकानदार तिच्यापुढे रंगीत माल मांडत होता आणि ती प्रत्येक बरणीत कोपरापर्यंत हात घालून आतला तळ चाचपत होती. "अगं, तळाला कंगोरा असला की खार तिथेच बसतो, डाव पोचत नाही," असे तिने मला समजावले. शेवटी तिने पसंत केली ती पांढऱ्या अंगाची, दोन बाजूंना कान असलेली आणि गळ्याभोवती नुसता एक निळा पट्टा असलेली बरणी. तिला लागून तिच्याच घाण्यातली आणखी एक होती. बुडाच्या थेंबाला ती उतरली नाही म्हणून ताईने ती परत केली, आणि दुकानदारानेही वाद न घालता ती दुय्यम मालात ठेवून दिली.

बांधणी पाहण्यासारखी असते. प्रत्येक झाकण वेगळे काढून वर्तमानपत्रात गुंडाळतात, लहान बरणी मोठीच्या पोटात पेंढ्यात बसवतात, आणि खोक्यात मधे एवढीसुद्धा पोकळी ठेवत नाहीत. खोके हलवून आत काही वाजले तर सगळे पुन्हा सोडतात. मालवाहतुकीच्या कचेरीत खोक्यांची नोंद करून पावती घेईपर्यंत अंधार पडला होता. निघण्यापूर्वी खुर्ज्याची प्रसिद्ध खुरचन घेतली. आटवलेल्या दुधाच्या खरवडलेल्या साईची ही मिठाई थरांथरांची, कमी गोड आणि फार चविष्ट असते.

शुक्रवार : जयपूरच्या वाटेवर

दिवस प्रवासात गेला. माझी हळदी बरणी पुढच्या भट्टीत लागणार असल्याचा निरोप खुर्ज्याहून वाटेतच आला.

शनिवार : जयपूर

सकाळी अल्बर्ट हॉल संग्रहालय. १८८७ मध्ये खुल्या झालेल्या या वास्तूत एकोणिसाव्या शतकातली जयपूरची निळी भांडी आहेत, आणि त्यांच्या जोडीला जपानसारख्या दूरच्या देशांतले नमुनेही. इथल्या कारागिरांनी जगातले उत्तम काम पाहावे या हेतूने ते जमवले गेले होते. महाराजा सवाई रामसिंग दुसरे यांच्या काळात ही कला जयपुरात रुजली आणि पुढे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ विझली. तिला पुन्हा उभे केले ते चित्रकार कृपालसिंग शेखावत यांनी, कमलादेवी चट्टोपाध्याय आणि महाराणी गायत्रीदेवी यांच्या पाठबळावर. शेखावतांना १९७४ मध्ये पद्मश्री मिळाली, २००८ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या नक्षीतले पक्षी आणि वेली पाहिल्यावर आज बाजारात दिसणारी निळी फुले कुणाच्या हातून उतरली आहेत हे लगेच ओळखता येते.

दुपारी एका कार्यशाळेत ही भांडी घडताना पाहिली, आणि दिल्ली हाटमधल्या त्या कारागिराच्या म्हणण्याचे कारण समजले. या भांड्यांना चिनीमाती लागतच नाही. गारगोटीची पूड, काचेची पूड, थोडी मुलतानी माती, टाकणखार आणि डिंक असे मिश्रण पाण्यात मळतात. त्याला मातीसारखा चिवटपणा नसतो, त्यामुळे चाकावर ते उठत नाही. म्हणून मळलेला गोळा पोळीसारखा लाटतात, साच्यात दाबतात आणि आत राख भरून त्याला तोलून धरतात. बरणी एका साच्यात होत नाही; पोटाचे दोन भाग वेगळे वाळवून जोडतात, गळा आणि बूड नंतर बसवतात, सांधे घासून एकसारखे करतात, मग पांढरा लेप, त्यावर कोबाल्टचा निळा आणि तांब्याचा फिरोजी, आणि सर्वांवर झिलई. भाजणी एकदाच, सुमारे ८०० ते ८५० अंशांना. इतक्या कमी आचेला काच वितळावी म्हणून पारंपरिक झिलईत टाकणखाराबरोबर शिशाचे संयुगही वापरत आले आहेत. अंग रवाळ, भाजणी हलकी आणि झिलई अशी. तेव्हा या बरणीत लोणचे, मीठ किंवा चिंच ठेवण्याचा विचारही करू नये.

म्हणून तिची किंमत माझ्या लेखी तिळमात्र कमी होत नाही. खुर्ज्याच्या बारा-साडेबाराशे अंशांना जो फिरोजी रंग त्या तजेल्याने टिकत नाही, तो इथे लखलखीत उतरतो. मी घुमटाच्या आकाराचे झाकण असलेली एक बुटकी बरणी घेतली, फिरोजी अंगावर निळ्या पानांची. देवघराच्या फळीवर तिच्यात फुलवाती राहतील. कोरड्या, आणि पोटात न जाणाऱ्या. ताईने या खेपेला एकही टिचकी मारली नाही. तिने दोन लहान बरण्या निवडल्या, एकीत कापूर आणि दुसरीत उदबत्तीची धूपकांडी ठेवायला, आणि भाव करून माझ्यापेक्षा स्वस्तात घेतल्या.

रविवार : परतीचा प्रवास

जयपूरच्या बरण्या हातातल्या पिशवीत, साड्यांच्या घड्यांत बसवून आणल्या. खुर्ज्याची खोकी नंतर ठरल्याप्रमाणे घरी पोहोचली आणि सगळा माल साबूत निघाला. नव्या बरणीची तयारी आमच्याकडे ठरलेली आहे. ती आधी कोमट पाण्याने आणि थोड्या रिठ्याने धुवायची, मग दोन दिवस पाण्याने भरून कागदावर ठेवायची आणि कागद ओला होतो का ते पाहायचे. त्यात उतरली की कडक उन्हात तोंड वर करून वाळवायची, आणि लोणचे भरण्याच्या दिवशी निखाऱ्यावर हिंग टाकून बरणी त्यावर पालथी धरायची, म्हणजे आत धुरी कोंडून राहते. ताईच्या बरणीने यंदाची कैरी घेतली. मेतकुटासाठी सांगितलेली हळदी बरणी पुढच्या भट्टीतून निघाली आहे. मालकांनी तिचे छायाचित्र पाठवले, त्यात रंग थोडा फिका वाटला म्हणून मी ती दिवसाच्या उजेडात पुन्हा दाखवायला सांगितली आहे.